रस्त्यावरचा एक इसम

शुक्रवार, दुपार

आज अक्षर रेषेवर राहत नाही. याचे कारण हात कापतो आहे हे होय. शाई पातळ आहे हे नव्हे. जे कारण असेल तेच लिहावे, सोयीचे लिहू नये, असा माझा चाळीस वर्षांचा रिवाज आहे आणि तो स्वतःच्या वहीत मोडण्याचे प्रयोजन नाही.

अर्जनवीसाचे मेज रस्त्याच्या इतके जवळ नसावे, असे मी पूर्वीपासून म्हणत आलो आहे. कचेरीच्या पायऱ्यांखाली बसून मी एका बाईचा अर्ज लिहीत होतो. अकराच्या सुमारास आरडाओरड ऐकू आली. तीन माणसांना शिक्षेसाठी टेकडीवर नेत होते. तेथे लाकडावर खिळे ठोकून माणूस टांगतात, हे मला ऐकून ठाऊक आहे. पाहायला मी कधी गेलेलो नाही. दोघे आपापले लाकूड ओढीत पुढे गेले. तिसऱ्याला आधी चाबकाने इतके मारले होते की पाठ कोठे संपते आणि सदरा कोठे सुरू होतो, ते कळत नव्हते. त्याच्यापुढे एक शिपाई फलक धरून चालला होता.

लिहिलेले दिसले की मी वाचतो. ती सवय आहे. फलकावर तीन लिप्यांत मजकूर होता आणि तिन्ही लिप्या मला येतात. एक नाव, आणि हा राजा आहे, असा त्याचा आशय. चूक एकही नव्हती. अर्थ मात्र लागला नाही.

शेजारचा न्हावी दुकानाच्या दारात वस्तरा हातात घेऊनच उभा होता. त्याला मी विचारले, "कोण हा?"

"कोणास ठाऊक, मास्तर. बाहेरगावचा सुतार आहे म्हणतात. आणि राजा आहे असंही म्हणतात."

"दोहोंपैकी एक काय ते सांग."

"तेच ठरेना, म्हणून तर टांगतायत."

तो माणूस नेमका आमच्यासमोर पडला. शिपायाने दोन लाथा घातल्या, तरी उठेना. तेव्हा शिपायाने गर्दीवरून नजर फिरवली. त्याच वेळी चिरंजीव वेशीबाहेरच्या लाकडाच्या वखारीतून जेवायला घरी येत होते. खांद्यावर ओझ्याची गादी तशीच होती. शिपायाने माणूस पाहिला नाही, खांदा पाहिला. "ए, तू. इकडेतिकडे काय बघतोस, तूच. उचल."

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. मी आठ पावलांवर होतो. ती मी नंतर मोजली. हा माझा मुलगा आहे आणि याचा या प्रकरणाशी संबंध नाही, असे मी म्हणावयास हवे होते. हे वाक्य मी इतरांसाठी शेकडो वेळा लिहिले आहे. मी न्हाव्याच्या मागे सरकलो.

आता दोन वाजले असावेत. मी दिवा लावून लिहीत आहे. आकाशात ढग नाही, तरी बारापासून अंधार आहे. कुत्रीसुद्धा गप्प आहेत. सूनबाई चौथ्यांदा दारात जाऊन आली. नातीने विचारले, "आजोबा, रात्र झाली?" मी "नाही" म्हणालो. "मग काय झालं?" मी दिव्याची वात वर केली.

शुक्रवार, संध्याकाळ

या पानावरचा डाग माझ्या हातून पडलेला नाही. तीनच्या सुमारास जमीन हलली आणि दौत कलंडली. त्यानंतर उजेड परत आला.

चिरंजीव दिवेलागणीला आले. सदरा रक्ताने भरलेला. सूनबाईने दोन्ही हातांनी त्यांचे अंग चाचपले.

"माझं नाहीये," ते म्हणाले. "त्याचं आहे."

तिने सदरा पाण्यात टाकला. चिरंजीव ओट्यावर बसून राहिले. मी विचारले, "फार लांब न्यावे लागले का?"

"वरपर्यंत. बाबा, लाकूड आमच्याच वखारीतलं होतं. टोकाला माझी खडूची खूण होती."

"बरे, मग?"

"मग काही नाही. ओलं होतं. ओलं लाकूड जड लागतं."

"तो काही बोलला? तुझ्याशी, असे म्हणतो मी. कोणाच्या देखत?"

"एकदाच. चढावरच्या वळणावर. म्हणाला, दमलास का?"

"कोण कोणाला म्हणाला?"

"तो मला."

मी म्हणालो, की त्यास ताप चढला असावा. चिरंजीवांनी वहाणा काढल्या. मग आपण होऊन म्हणाले, "लाकूड खाली ठेवल्यावर शिपाई म्हणाला, जा. मी थांबलो."

"थांबलास? कशासाठी?"

"ठाऊक नाही. खाली त्याची आई उभी होती. कोणीतरी थांबायला पाहिजे, असं वाटलं."

"तू थांबल्याचे कोणी पाहिले?"

"सगळ्यांनी."

दाराला आतून दोन्ही कड्या लावल्या आहेत. सूनबाईने सदरा तीनदा धुतला. डाग गेला नाही तेव्हा तिने तो चुलीत घालायला घेतला. चिरंजीवांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि ओलाच घडी करून ठेवला.

शनिवार

कचेरी शनिवारी बंद असते. घराबाहेर पडलो नाही. गल्लीतून कोणी गेले की सूनबाई भांडे हातात तसेच धरून उभी राहते आणि पाऊल पुढे गेले की पुन्हा घासू लागते.

दुपारी न्हावी मागच्या दाराने आला. एरवी तो पुढच्या दाराने येतो आणि गल्लीच्या टोकापासून बोलत येतो.

"त्याची माणसं शोधतायत, मास्तर. परवा एक कोळी सापडला होता. शेकोटीपाशी शेकत बसलेला. एका मोलकरणीनं ओळखला. तो म्हणाला, मी नाही ओळखत त्याला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तीनदा म्हणाला आणि सुटला."

"एवढ्यावर?"

"तोंड दिलंय कशाला देवानं? नंतर म्हणे बाहेर जाऊन ढसाढसा रडत होता, वेडा. सुटल्यावर कोणी रडतं का?"

रडण्याचा भाग मलाही समजला नाही. परंतु पहिला भाग ऐकून दोन दिवसांत प्रथमच मला नीट श्वास घेता आला. तोंडी नकारावर एक मनुष्य सुटतो, तर लेखी नकारावर का सुटू नये? तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. लेखी दप्तरात राहते.

न्हावी गेल्यावर लगेच अर्ज लिहावयास बसलो. मसुदा येथे उतरवून ठेवतो, कारण तो मला साधला आहे: "अर्जदार हा लाकडाच्या वखारीत ओझी वाहणारा इसम असून त्याने गेल्या शुक्रवारी केवळ शिपायांच्या हुकुमावरून सदर लाकूड वाहिले. सदर गुन्हेगारास अर्जदार ओळखत नाही, यापूर्वी ओळखत नव्हता व यापुढे ओळखण्याचा त्याचा इरादा नाही." खाली नाव, वडिलांचे नाव, गल्ली, घराची खूण, कामाचे ठिकाण. अपुऱ्या पत्त्याचा अर्ज मी आजवर दिलेला नाही.

चिरंजीवांनी तो सावकाश वाचला. त्यांना वाचन जेमतेम येते. मी लहानपणी पुष्कळ प्रयत्न केला; ते पाटी टाकून वखारीत पळत.

"सही करणार नाही," ते म्हणाले.

"तू त्याला ओळखत होतास काय?"

"नाही."

"मग यात खोटे काय आहे?"

"खोटं काहीच नाही. पण लिहून देणार नाही."

"कारण सांग."

"बाबा, वीस वर्षं मी ओझी वाहतोय. मालकानं विचारलं नाही, गिऱ्हाइकानं विचारलं नाही. घरातही कोणी विचारलं नाही, दमलास का म्हणून. ज्याला मरायला नेत होते, त्यानं विचारलं. आता मी कागदावर लिहू, की हा कोण ते मला माहीत नाही?"

"परंतु तुला माहीत नाहीच."

"नाहीच माहीत."

सूनबाई मध्ये पडली. "अहो, एक सही तर करायची. पोरीकडे बघा."

"बघतोय," ते म्हणाले आणि अर्ज माझ्या मेजावर ठेवून दिला. घडी नीट घातली होती, एवढे मान्य केले पाहिजे.

रविवार

मी अर्ज दाखल केला. 'अर्जदाराकरिता वडील' अशी स्वतःची सही केली. कायद्याने तसे चालते. सकाळी कचेरी उघडताच पहिला मीच होतो.

आवक कारकून माझ्याकडे अक्षरे गिरवून मोठा झालेला आहे. मला पाठीमागे 'पूर्णविराम' म्हणतात, ते नाव त्यानेच पाडले, हेही मला ठाऊक आहे. त्याने सवयीने शिक्का मारला, नोंदवहीत क्रमांक घातला आणि मग वाचू लागला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"मास्तर," तो हळू म्हणाला, "हे नाव आमच्याकडे नव्हतं."

"म्हणजे?"

"शिपायांनी नाव विचारलंच नव्हतं. अहवालात एवढंच आहे, लाकूड रस्त्यावरच्या एका इसमानं वाहिलं. कोण, कुठला, काही नाही. आता तुम्हीच नाव दिलंत. पत्त्यासकट."

मी अर्ज परत मागितला. त्याने नोंदवही माझ्याकडे वळवली. पानांवर क्रमांक आहेत आणि प्रत्येक ओळीवर शिक्का आहे. नोंदलेला अर्ज परत देऊ नये, पान फाडू नये, खाडाखोड करू नये, हा नियम बारा वर्षांपूर्वी झाला. त्यापूर्वी कारकून पाने फाडीत. त्याविरुद्ध सात पानी तक्रार मीच केली होती आणि साहेबांनी तिची वाखाणणी करून नियमाचा मसुदाही माझ्याकडूनच लिहून घेतला होता.

"तुमच्याच तक्रारीवरून, मास्तर," कारकून म्हणाला. त्याने ते टोमणा म्हणून म्हटले नाही. टोमणा असता तर बरे झाले असते.

मी पायऱ्या उतरत होतो, तोच चार शिपाई धापा टाकीत वर आले. न्हाव्याकडून कळले, की त्या माणसाला ज्या गुहेत पुरले होते, ती आज पहाटे रिकामी सापडली. तोंडावरची शिळा बाजूला होती. प्रेत नाही. साहेबांचा हुकूम निघाला आहे, की त्याला ज्याने ज्याने हात लावला, त्या प्रत्येकाची यादी करा.

यादीत एक नाव असेल. बाकीची शोधावी लागतील.

सोमवार

कोणी आले नाही. घरात कोणालाही काही सांगितलेले नाही. दिवसभरात गल्लीतून शेहेचाळीस माणसे गेली.

मंगळवार

सांगितले. जेवताना घास गिळेना, तेव्हा सांगितले.

सूनबाई कधी माझ्यापुढे आवाज चढवीत नाही. आजही चढवला नाही. "मामंजी," ती म्हणाली, "त्यांनी सही करणार नाही म्हटलं होतं. तुम्ही घरातली मोठी माणसं. तुम्हाला भीती वाटली, हे मी समजते. मलाही वाटत होती. पण मी पत्ता नाही दिला."

चिरंजीव खाली मान घालून बसले होते. माझ्या मनात आले, की आता हा ताट भिरकावील. ते म्हणाले, "शुद्ध लिहिला होतात ना?"

"काय?"

"अर्ज. चूक नाही ना राहिली? नाहीतर नाव जायचं तुमचं."

नात हसली, कारण बाप हसला. मला घोटभर पाणी प्यावे लागले.

मी म्हणालो, की पहाटे तिघांनी सूनबाईच्या माहेरी निघून जावे. चिरंजीव तयार होईनात. "विचारतील तर सांगीन, वाहिलं. खरंच तर आहे." मग सूनबाईने मुलीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवले. ते तयार झाले.

बुधवार

पहाटे गेले. चिरंजीवांनी बोचके त्याच खांद्यावर घेतले. सदऱ्याच्या कापडातून खांद्यावरचा घट्टा दिसतो, हे माझ्या आज प्रथमच लक्षात आले. तो वीस वर्षांचा असला पाहिजे.

मला काही विचारायचे होते. ओठांवर आले होते. मी म्हणालो, "दाराची कडी नीट लाव." आणि बाहेर जाणारा मनुष्य आतली कडी कशी लावणार?

"तुम्ही लावा, बाबा," ते म्हणाले. पाया पडले आणि गेले.

दुपारी शिपाई समन्स घेऊन आला. शुक्रवारी सकाळी अर्जदाराने हजर राहावे. समन्समध्ये शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्या त्याला दाखवल्या नाहीत.

गुरुवार

रात्रभर विचार केला. चिरंजीव हजर झाले नाहीत, तर त्यांना शोधतील आणि माहेरचे गाव काही लपून राहत नाही. अर्ज मागे घेता येत नाही. नोंद खोडता येत नाही. परंतु नियमात एक वाट आहे, कारण नियमाचा मसुदा माझा आहे. अर्जात चूक झाली असल्यास अर्ज लिहिणाऱ्याने ती कबूल करून दुरुस्तीपत्र द्यावे. ते मूळ अर्जास जोडले जाते आणि तेच ग्राह्य धरतात. बारा वर्षांत मी एकही दुरुस्तीपत्र दिलेले नाही. इतरांची पाहून हसलो मात्र आहे.

सकाळी ते लिहिले. "मूळ अर्जात लाकूड वाहणारा इसम म्हणून मुलाचे नाव चुकून पडले. वाहणारा इसम मी स्वतः होय." शाईचा थेंबही सांडला नाही. हे माझ्या हातचे पहिले खोटे वाक्य. दिसायला ते इतर वाक्यांसारखेच दिसते.

नंतर वखारीत गेलो. वीस वर्षांत तेथे पहिल्यांदा. मालकाला म्हणालो, की एक तुळई माझ्या खांद्यावर ठेवा.

"आजोबा, उन्हात फिरलात का?"

"ओली हवी."

त्याने दोन माणसांकरवी ठेवली आणि ती बाजूला उभी राहिली, मी पडलो तर धरायला. मी सात पावले चाललो. आठवे टाकता आले नाही. पडलो. त्या शुक्रवारी मी जितका दूर उभा होतो, तितकेही मला जाता आले नाही. वळणापर्यंत निदान पाचशे पावले असतील.

खांद्यावर वळ उठला आहे. तेवढ्यासाठीच गेलो होतो.

शुक्रवार

आठ दिवस झाले.

साहेबांच्या खोलीत मला उभे केले. कारकून कागद घेऊन बाजूला होता. त्याने दुरुस्तीपत्र वाचून दाखवले. वाचताना एकदाही माझ्याकडे पाहिले नाही.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "तुम्ही? तुम्ही लाकूड वाहिलं?"

"होय."

"वय काय तुमचं?"

"एकाहत्तर पूर्ण."

मी सदरा खांद्यावरून खाली केला. त्यांनी वळ पाहिला. मग दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला हाक मारली. तोच तो. खांदा पाहणारा. त्याला मी गर्दीतही ओळखले असते आणि त्याने चिरंजीवांना. मी मेजाची कड धरली.

"हाच का रे?"

शिपाई माझ्यासमोर आला. आठ दिवसांत तो पुष्कळ वाळलेला दिसला. डोळे नीट झोप न झालेल्या माणसाचे होते. त्याने माझ्या वळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. फार वेळ पाहिले.

"त्या दिवशी अंधार होता, साहेब," तो म्हणाला. "चेहरा लक्षात नाही. असेल हाच."

अंधार बारा वाजता पडला. लाकूड उचलले ते त्यापूर्वी, लख्ख उन्हात. चूक माझ्या ध्यानात आली. मी ती दुरुस्त केली नाही.

साहेबांनी कंटाळून मान हलवली. मुलाचे नाव यादीतून काढून माझे घालण्यास सांगितले. कारकुनाने घातले. चिरंजीव सुटले. कोणीही आता त्यांच्या मागे जाणार नाही. नियमाने जाताच येत नाही.

मग साहेब म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला कोठडीत घालून मला काय मिळणार? एक ओळ लिहून द्या. मी या माणसास ओळखत नाही. खाली सही. प्रकरण बंद."

कारकुनाने कोरा कागद पुढे सरकवला आणि लेखणी शाईत बुडवून माझ्या हातात दिली. ओळ माझीच होती, माझ्या मसुद्यातली. सत्य होती. मी त्या माणसास ओळखत नाही. त्याचे नावही मी फलकावर ओझरते वाचले तेवढेच.

लेखणीच्या टोकावरची शाई वाळली. कारकुनाने ती पुन्हा बुडवून दिली. तीही वाळली.

"काय झालं, मास्तर?" तो कुजबुजला. "लिहा ना. एक तर ओळ आहे."

मी म्हणालो, हात कापतो आहे, उद्या लिहून आणतो. साहेब म्हणाले, उद्या कचेरी बंद. रविवारी सकाळपर्यंत आणा, नाहीतर शिपाई आणायला येतील.

आता तो कागद समोर आहे. अद्याप उजेड आहे, दिवा लावण्याची गरज नाही. लिहिणे का होत नाही, याचे कारण मला सापडत नाही, आणि कारण सापडल्याशिवाय मी लिहीत नाही. मला भीती वाटते. कोळी का रडला, हे न्हाव्याला पुन्हा विचारावे असेही वाटते, पण त्याला तरी काय ठाऊक असणार.

खांदा दुखतो. घरात कोणी नाही. सूनबाईला निरोप धाडला आहे, की आता परत या. दोन दिवसांत येतील. रविवारी मी येथे असेन किंवा नसेन, म्हणून वहीत लिहून ठेवतो. नसलो, तर हे पान चिरंजीवांना कोणीतरी वाचून दाखवावे.

बाळा, दमलास का?

कोरा कागद मी घडी करून तुझ्या त्या डागाच्या सदऱ्याच्या घडीत ठेवला आहे.